बाई, तुमचं मशीन गेलं

बाई, तुमचं मशीन गेलं. तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी. तुमचीच गोधडी आत होती.

हे तुम्हाला सांगायला चिमीची मागच्या वर्षीची वही घेतली आहे. तिची शेवटची पानं कोरी होती. मी चौथीपर्यंत शिकले, तुम्ही शाळेची पायरी चढला नाहीत. तुम्ही होतात तेव्हा एकदा तुम्हाला चिठ्ठी लिहायचं माझ्या मनात आलं होतं. पण ती तुम्हाला वाचून कोण दाखवणार? तुमची सून मनीषा. जे तिच्यासमोर बोलता येत नव्हतं तेच तिच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं, म्हणून चिठ्ठी राहिली. आता तुम्ही वाचणार नाही, म्हणून लिहिते.

निदान वहीत तरी तुम्हाला एकदा तू म्हणावं असं वाटलं. पहिली ओळ तशी लिहिलीही होती. खोडली. मोठी जाऊ म्हणून चोवीस वर्षं जिच्या पाया पडले, तिला तू म्हणायला हात चालत नाही. असू द्या. तुम्ही म्हणूनही रागावता येतं.

बसायला आलेल्या बाया सारख्या म्हणत होत्या, मोठी बाई म्हणजे घराचा खांब, असं माणूस होणार नाही. मी चहा देत होते. एक जण मला म्हणाली, "तुन्हं ते माय गेल्यासारखं व्हयनं व." मी मान हलवली. माझी माय अशी नव्हती, एवढं तरी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण मी कधी बोलते?

मशीन आलं तो दिवस मला आठवतो. तुमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या जेठांनी, कापूस चांगला गेला त्या वर्षी नंदुरबारहून आणलं. दोन भांड्यांचं. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. तुम्ही त्याला हळदकुंकू लावलं, जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं, आणि मोरीशेजारी पाट मांडून त्याच्यावर बसवलं. तेव्हा मी मिरचीच्या पथारीवरून आले होते. पथारीवर दिवसभर मिरच्यांचे देठ खुडायचे, त्या पसरायच्या, गोळा करायच्या. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी मिरची जाते तिथे जाते. मी दारातच उभी. तुम्ही मागे न बघता बोललात.

"मशीनले हात लावशी ते याद राख. तुन्हा कपडा त्यामा पडनात ना, बठ्ठा घरना अंगले आग लागी."

बरोबर होतं ते. मिरचीचे कपडे घरच्या कपड्यांत घालत नाहीत, हे मलाही कळत होतं. ते मला तुम्हीच शिकवलं होतं. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पथारीवर गेले, आणि घरी येऊन गरम पाण्यात हात घातले. गरम पाण्याने मिरची आणखी आत शिरते. मी अंगणात उड्या मारत होते. तुम्ही माझं मनगट धरून ओट्यावर बसवलंत.

"आन आठे हात. आगोदर तेल, मंग ताक, मंग थंडं पाणी. पाणी आगोदर लावशी ते रातभर नाचशी."

आणि तुम्ही स्वतः माझ्या बोटांच्या बेचक्यांत गोडं तेल चोळलंत. मग कपड्यांचं सांगितलंत. वाऱ्याच्या बाजूला पाठ करून झटकायचे. वेगळ्या घमेल्यात भिजवायचे. आधी नुसत्या थंड पाण्यातून काढायचे, मग साबणाची बट्टी लावायची. आणि धुऊन झालं की दगडावर दोन बादल्या रिकामं पाणी ओतायचं, मगच दुसऱ्याचा कपडा त्या दगडावर ठेवायचा. मी विचारलं होतं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तुम्ही उठून गेलात. नंतर शेजारणीने सांगितलं, लग्नाआधी तुम्हीही आईबरोबर देठ खुडायला जायच्या. ते तुम्हाला घरात कोणी बोललेलं आवडायचं नाही. मीही कधी बोलले नाही. बघा, तुमचं किती झाकून ठेवलं मी.

तर मशीन तुमचं आणि दगड माझा, हे मला मान्य होतं. उन्हाळ्यात मात्र तुम्ही बटाट्याच्या काचऱ्या फडक्यात बांधून पिळायच्या भांड्यात फिरवायच्या, वेफर लवकर वाळावेत म्हणून. तेव्हा पथारी बंद. माझ्या कपड्यांना मिरचीचा वासही नसायचा. मी एकदा हिंमत करून म्हटलं, बटाटे चालतात तर माझी साडीही चालेल. तुम्ही हसलात.

"बटाटा काय झोंबतस का कोनले? तू झोंबस."

सगळे हसले. मीही हसले. तुमची जीभ चांगली चालायची. ऐकायला मजा यायची, आपल्यावर नसली की.

आता त्या दिवसाचं लिहिते. सहा वर्षं त्याच्यावर झाकण घालून ठेवलं आहे.

चिमी आठ महिन्यांची होती. तुमची पहिली नात. मला लेकरू नाही, म्हणून ती घरात आली तेव्हा सगळ्यात जास्त मी हरखले. मनीषा भाकरी टाकायला बसली की चिमी माझ्याकडे. माझ्या मांडीवर झोपायची सवय लागली होती तिला. पथारीवरून आले की तेल, ताक, थंड पाणी, अंघोळ, धुतलेली साडी, एवढं करून मगच मी तिला घ्यायचे.

त्या दिवशी मला ताप होता. आदल्या दिवशीचे कपडे, साडी, पोलकं आणि तोंडाचं फडकं, मी घमेल्यात तसेच ठेवले होते. धुवायचं त्राण नव्हतं. दुपारी उठले तेव्हा घमेलं रिकामं होतं. अंगणात बघितलं तर माझी साडी तारेवर होती. तिच्या टोकाला तारेशी गाठ मारलेली होती. बाई, या घरात तशी गाठ फक्त तुम्ही मारायच्या. "चिमटा उडी जातस," म्हणायच्या. मी चिमटे लावते, मनीषा चिमटे लावते.

ती गाठ बघून मला काय वाटलं ते तुम्हाला कधीच कळलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. आनंदाने. तुम्ही माझं धुणं धुतलं होतं. तुमच्या मशीनमध्ये. मला ताप आहे म्हणून. मी मनात म्हटलं, संध्याकाळी बाईंच्या पायाला हात लावेन.

माझ्या साडीच्या पलीकडे चिमीचे लंगोट वाळत होते. तेही त्याच मशीनमधून निघाले होते, माझ्या कपड्यांनंतर लगेच. मला तापात तेवढं सुचलं नाही. तुम्हाला ताप नव्हता.

मनीषाने लंगोट बांधला आणि थोड्या वेळाने चिमी ओरडायला लागली. असं ओरडणं मी ऐकलं नव्हतं. मांड्यांमध्ये लाललाल. तूप लावलं, दही लावलं, ती श्वास धरायची आणि निळी पडायची. जेठ गाडी बघायला धावले. शेजारपाजारच्या बाया अंगणात आल्या. मनीषा तुमच्याकडे बघून किंचाळली, "कोणी काय टाकलं मशीनमध्ये?"

तुम्ही तारेकडे बघितलंत. मग माझ्याकडे.

"तूच टाकेल शेत ना तुन्हा मिरचीना कपडा मशीनमा?"

मला वाटलं मी तापात चुकीचं ऐकते आहे.

"बोल ना व! कितला सांग तुले. तुले लेकरू नही, तुले काय कळी लेकरूनं दुखनं!"

अंगणात पंधराएक माणसं होती. समोर जेठ होते. त्यांच्यासमोर मी लग्न झाल्यापासून डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, की शब्द काढला नाही. आपल्याकडे धाकटी जाऊ जेठासमोर बोलत नाही. तुम्हाला हे माहीत होतं. मी बोलणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही मला निवडलंत. मनीषाकडे बोट दाखवता आलं नसतं, तिला तोंड आहे.

चिमी दोन दिवसांत बरी झाली. लेकरांचं अंग लवकर भरतं. पण मनीषाने तिला परत माझ्या मांडीवर दिलं नाही. "काकू, हात धुतले का?" आधी असं विचारायची. मग विचारणंही बंद झालं. मी जवळ गेले की चिमीला उचलून आत जायची. पथारी बंद झाल्यावर, उन्हाळ्यातही. तिचं काय चुकलं? तिला सासूने सांगितलं ते तिने खरं धरलं. चिमी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. माझ्याच अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर. माझा हात न लागता. माझ्या हाताला मिरची असते, हे तिला कोणीतरी शिकवलं होतं. खेळताना तिचा चेंडू माझ्या दगडापाशी आला की ती पायाने ओढून घ्यायची.

बाई, तुम्ही माझं धुणं धुतलंत, ती चांगली गोष्ट होती. नंतर रिकामं पाणी फिरवायला विसरलात, ती चूक. चूक मी त्याच दिवशी सोडून दिली असती. तुम्ही येऊन मला एकटीला सांगितलं असतं तरी सोडून दिली असती. चारचौघांतला आळही घेतला असता तुमच्यासाठी. मी वाट बघितली. त्या संध्याकाळी बघितली. दुसऱ्या दिवशी बघितली. तुम्ही वाटीत वरण पाठवून दिलंत, मनीषाच्या हाती.

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात माझ्या दगडाशेजारी गोड्या तेलाची बाटली असायची. भरलेली. संपत आली की पुन्हा भरलेली. कोण ठेवतं, मी विचारलं नाही. कोण ठेवतं, तुम्ही सांगितलं नाही. ते तेल मी वापरलं. हातांना लागतं ना. पण तुम्हाला वाटलं असेल की त्या बाटलीत सगळं फिटलं, तर तसं काही फिटलं नाही. मला तेल विकत घेता येत होतं. मला चिमी पाहिजे होती.

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं ते सात दिवस मीच होते तुमच्याजवळ. मनीषाला तो वास सहन व्हायचा नाही. तुमच्या खराब झालेल्या चादरी मशीनमध्ये टाकायच्या नाहीत असं तिनेच सांगितलं. म्हणून त्या माझ्या दगडावर आल्या. रोज चार-पाच. चादर आपटताना माझ्या मनात काय यायचं ते इथे लिहीत नाही. तुम्ही मेलेल्या आहात म्हणून नाही, मला स्वतःलाच ते वाचायला सोसणार नाही म्हणून.

चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात. बोटं उलटी करून बघितलीत, बेचक्यांत. तुमचे ओठ हलले. "तव्हय..." एवढं म्हणालात. तव्हय. तेव्हा. मी लगेच म्हटलं, "पाणी देऊ?" आणि चमचाभर पाणी तुमच्या तोंडात घातलं. तुम्ही गिळलं. पुन्हा ओठ हलवले. मी पुन्हा चमचा घातला. मग तुम्ही डोळे मिटलेत.

ते मी मुद्दाम केलं. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की तुमच्या घशाला कोरड पडली होती. नव्हती पडली. सहा वर्षं जे ऐकायची वाट बघितली ते तुम्ही शेवटी देणार, मग हात जोडून मरणार, आणि मी म्हणायचं जाऊ द्या बाई. तेवढं सोपं मला तुमचं करायचं नव्हतं. चांगलं केलं की वाईट, मला कळत नाही. तुम्हीही मला चांगलं करताना वाईट केलंत.

दहाव्याला घरातलं सगळं धुतात. अंथरूण, पांघरूण, पडदे, एकही चिंधी सुतकाची ठेवायची नाही. आधी मी आणि तुम्ही मिळून करायचो. सासूबाई गेल्या तेव्हा दोघींनी गोधडीची दोन टोकं धरून पिळली होती. तुम्ही इतक्या जोरात पिळली की मीच फिरले. तेव्हा सुतकातसुद्धा दोघी हसलो होतो. या वेळी मनीषा म्हणाली, मशीनमध्ये घालते, पटकन होईल. तुमच्या चार लुगड्यांची गोधडी. ओली झाल्यावर ती दोन बायांना उचलत नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मशीनने दोनदा घरघर केली, जळका वास आला आणि ते थांबलं. गोधडी मी बाहेर ओढली. दगडावर धुतली. पिळायला दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, तर तारेवर तशीच टाकली, पाणी गळत. टोकाला गाठ मारली. का मारली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला आला. त्याने आतली फिरणारी चकती काढली. खालून काळा चिखल निघाला, गुंड्या, एक केसांची पिन, आणि चिखलात चिकटलेल्या मिरचीच्या बिया. तो म्हणाला, "मसाला कांडतस का काय ह्याम्हा?"

मनीषा म्हणाली, "काकूंचा प्रताप आहे. जुना."

रागाने नाही म्हणाली. घरात मीठ कुठे आहे ते सांगावं तसं म्हणाली. चिमी दाराशी उभी होती. तिने बियांकडे बघितलं आणि माझ्याकडे. जेठ खाटेवर होते.

बाई, पदर डोक्यावरच होता. मी म्हटलं, "मी नही टाकेल."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मशीनवाल्याचाही हात थांबला. मनीषा म्हणाली, "मग कोणी?"

मी तुमच्या फोटोकडे बघितलं नाही. तुमचं नाव माझ्या तोंडातून निघालं नसतं. निघणार नाही हे मला कळलं, आणि आपण आता पुन्हा आत जाऊन भांडी घासणार, हेही कळलं. तेवढ्यात जेठ बोलले. जमिनीकडे बघत.

"ती बरोबर बोली ऱ्हायनी. ते धुनं तुन्ही सासूनी टाकेल व्हतं. माले तव्हयच सांगेल व्हतं तिनी."

"मंग तुम्ही काब्र बोलनात नही, आबा?" मनीषाही घरच्या बोलीवर आली.

"सोगन घालेल व्हती माले. चिमीनी."

चिमीची शपथ. ज्या लेकराला मला हात लावू दिला नाहीत, त्याचीच शपथ.

सगळ्यांना वाटलं मला बरं वाटलं असेल. मनीषाने माझ्यासाठी चहा ठेवला. मला काय वाटलं ते तुम्हाला सांगते. म्हणजे तुम्हाला बोलता येत होतं! इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते की बाईंच्या तोंडून ते निघत नसेल, काहींच्या तोंडून निघतच नाही, माझ्या कुठे निघतं. पण तुमच्या निघालं होतं. त्याच वेळी निघालं होतं. नवऱ्यापाशी बोलून तुम्ही मोकळ्या झालात. मीच तेवढी उरले होते सांगायची. मला तुम्ही तेलाच्या बाटलीवर ठेवलंत.

नवं मशीन आठवड्याने आलं. पुढून काचेचं गोल दार आहे. जुनं त्याच टेम्पोतून गेलं, लुगड्याच्या झाकणासकट. मनीषाने सगळी बटणं मला दाखवली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "काकू, तुमचेही कपडे ह्यातच टाकत जा." माफीचं काही बोलली नाही. तुमच्याच हाताखाली तयार झाली ती.

मी आता परत पथारीवर जाते. बायांनी विचारलं, सुतक फिटलं का? मी म्हटलं, फिटलं.

काल आल्यावर कपडे वाऱ्याला पाठ करून झटकले. घमेल्यात भिजवले. थंड पाण्यातून दोनदा काढले. दगडाशेजारची बाटली तळाला गेली होती, आता ती कोणी भरत नाही. उरलेलं तेल हातांना लावलं. मग ओले कपडे घेऊन घरात गेले आणि मशीनमध्ये एकटेच टाकले, माझेच तेवढे. बटण दाबलं. कपडे काचेतून फिरताना दिसले, एकदा साडी वर, एकदा फडकं वर. झालं तेव्हा काढून तारेवर टाकले आणि चिमटे लावले.

मग परत आत आले, मशीनचं दार लावलं आणि नुसत्या पाण्याचं बटण दाबलं.

चिमी शाळेतून आली होती. दप्तर टाकून काचेसमोर बसली. मी हलले नाही. ती सरकत सरकत इतकी जवळ आली की तिचा गुडघा माझ्या मांडीला लागला. तिने तो तसाच ठेवला.

"धाकली आजी, ह्याम्हा ते काहीच नही. कसाले फिरी ऱ्हायनं?"

"तुन्हा कपडा टाकाना शेतस ना आते," मी म्हटलं. "म्हनीसन."

आम्ही दोघी पाणी थांबेपर्यंत बसलो. पंधरा मिनिटं लागली, बाई. तुमच्या मशीनमध्ये पाचच लागली असती.